बूट घ्यावा पायाला विचारून

(तेर येथे संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीससाहेबांनी मला निरोप धाडला, तो असा : यंदा आपली काही मुले सैन्यभरतीची तयारी करीत आहेत, काही एन.सी.सी.च्या शिबिराला निघाली आहेत, दोन-तीन मुलीही पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर जातात. तेव्हा 'सैनिकी शिक्षण आणि तरुणांचे कर्तव्य' या विषयावर तुम्ही चार शब्द बोलावेत. विषय मोठा आहे, आणि त्यावर माझ्यापेक्षा चांगले बोलणारी विद्वान मंडळी या व्यासपीठावर बसलेली आहेत. मी पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. कर्तव्यावर भाषण करणे मला जमणार नाही. मी बुटावर बोलणार आहे.

आपण हसलात, ते ठीकच आहे. हवालदाराला बुटाशिवाय दुसरे काय सुचणार, असे आपल्या मनात आले असेल. पण अर्धा तास माझे ऐकून घ्या, आणि मग हसण्यासारखे काही उरते का ते पाहा.

आपले हे तेर गाव पायांनी नावाला आलेले गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तकात आपल्या गावाचे नाव 'तगर' असे आले आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे, आणि इथले कापड गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात लिहिले आहे. त्या गाड्यांबरोबर माणसे चालत असणारच. पुढे तेराव्या शतकात याच गावी गोरोबाकाकांनी पायांनी माती तुडवून मडकी घडवली. आजही वारीला निघणारी मंडळी आपण पाहतो. त्यांतला जाणता माणूस नवी कोरी वहाण पायात घालून पंढरपूरची वाट धरीत नाही. पायाला सरावलेली जुनी वहाण तो घालतो. नवी घ्यायचीच असली तर महिनाभर आधी घेऊन घरी-शेतात वापरतो. मला जे सांगायचे आहे ते सगळे एवढ्यात येते. अडचण अशी की, वारकऱ्याला कळते ते आपण आपल्या मुलाला भरतीला पाठवताना विसरतो.

कसे विसरतो, ते माझ्याच गोष्टीवरून सांगतो.

माझे वडील गवंडी होते. घरात आम्ही पाच भावंडे. अठराव्या वर्षापर्यंत माझ्या पायात एक तर चप्पल असे, नाही तर काहीच नसे. भरतीच्या मैदानावर मी अनवाणी धावलो आणि पहिल्या दहांत आलो. गावात पेढे वाटले. अम्मीने नवा सदरा शिवला, अब्बांनी उसनवारी करून ट्रंक घेतली. पायांचा विचार कोणी केला नाही. सरकार बूट देतेच, मग विचार कसला करायचा?

प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवशी सामान वाटप झाले. रांग लागली होती. फळीमागच्या माणसाने विचारले, "नंबर?" मला माझा नंबर माहीत नव्हता. माझ्या पुढच्या मुलाने 'सात' म्हटलेले मी ऐकले होते, म्हणून मीही 'सात' म्हणालो. 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली. बूट पायात घातले तेव्हा चवड्याला आवळले. मी मनाशी म्हटले, नवा जोडा चावतोच, दोन दिवसांत सैल होईल. सामान बदलून मागायला गेलो तर ओरडा बसेल, अशीही धास्ती होती.

तिसऱ्या दिवशी दोन्ही टाचांवर फोड आले. मी कोणाला सांगितले नाही. आपण कच्चे ठरू, ही भीती. चौथ्या दिवशी फोड फुटले. मी मोजा ओढून घेतला आणि कवायतीला उभा राहिलो. सहाव्या दिवशी उजवा पाय घोट्यापर्यंत सुजला, अंगात ताप भरला आणि मला रुग्णालयात नेले. जखमेत विष झाले होते. पाय वाचला, ही अल्लाहची मेहरबानी. पण मी खाटेवर असताना माझी तुकडी पुढे निघून गेली, आणि मला मागच्या तुकडीत घालण्यात आले. ज्यांच्याबरोबर मी गाव सोडले ते माझ्या आधी शिपाई झाले. तो उस्ताद वाईट नव्हता, केंद्रही वाईट नव्हते. चूक माझीच होती. मला माझा पाय माहीत नव्हता.

अब्बांना लिहिता येत नसे. त्यांनी कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतले. त्यातली दोन वाक्ये मला पाठ आहेत : "ओळंबा लावल्याशिवाय मी एक वीट ठेवत नाही. आणि तुझा पाय न मोजता तुला पाठवला, ही माझी चूक झाली." चूक त्यांची नव्हती. पण आज इथे बसलेल्या प्रत्येक बापासमोर मी ते वाक्य ठेवतो.

मंडळी, आपल्या समाजातली मुले पलटणीत जाणे ही काही नवी गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधी मराठा पलटणींत मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. त्या पलटणींपैकी काही १९१५ साली मेसोपोटेमियात लढल्या, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण आल्या. त्यानंतर कैद्यांना बगदादकडे पायी चालवण्यात आले. कोणाचे बूट फाटले होते, कोणी ते भाकरीसाठी देऊन टाकले होते. त्या वाटेवर ज्याचे पाय गेले तो मागे राहिला. पुढे १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा आपल्या कित्येक जवानांना सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयाच्या थंडीत उभे राहावे लागले. हिमदंशाने किती जणांचे पाय गेले, ते जुन्या जवानांना विचारा. बंदूक, दारूगोळा यांची चर्चा सगळेच करतात. सैनिकाचे पहिले वाहन त्याचे पाय आहेत, याची आठवण मात्र पाय गेल्यावर होते.

आता कामाचे बोलतो. विद्यार्थिमित्रांनो, वही-पेन्सिल असेल तर काढा.

पहिली गोष्ट म्हणजे पायाचे माप. आज संध्याकाळी घरी जा. सकाळी नको, संध्याकाळी. दिवसभर उभे राहून, चालून पाय थोडा फुगतो, आणि बूट त्या फुगलेल्या पायाला बसला पाहिजे. जमिनीवर कागद ठेवा, त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा, आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड आखायला सांगा. बसून आखू नका. भार पडला की पाय लांब होतो आणि पसरतो. दोन्ही पाय आखा, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी मोजा. काहींचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, तेव्हा तेच धरायचे. मग चवड्याची, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी पाय जिथे सर्वांत रुंद असतो तिथली रुंदी मोजा. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तुमचे वय सोळा-सतरा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारण पाय अजून वाढत असू शकतो.

आपल्याकडे बाजारात चालतात ते नंबर इंग्रजांच्या मापाचे. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारे साडेआठ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढा हा फरक. माझे सहा महिने त्या नखाएवढ्या फरकाने खाल्ले. शिवाय नंबर फक्त लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही. आपल्या खेड्यातल्या पोराचा पाय अनवाणी आणि चपलेत वाढलेला. त्याची बोटे मोकळी पसरलेली, चवडा रुंद. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा असेच दिसून आले की, भारतीय पाय युरोपीय मापाच्या मानाने रुंद असतो. त्यावरून 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली आहे. तात्पर्य, लांबीला बरोबर बसलेला बूट चवड्याला आवळला तर दोष तुमच्या पायाचा नाही. दुसऱ्या घडणीचा, रुंद बूट मागा. तो मिळत नसेल तर अर्धा नंबर वर जाऊन सुकतळ्याने टाच बसवून घेता येते. पण पुढून आवळणारा बूट 'सैल होईल' या आशेवर कधीही घेऊ नका. कातडे थोडे सैल होते, पण घडणच अरुंद असेल तर ती रुंद होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे दुकानात काय पाहावे. अमेरिकेच्या सैन्यात एडवर्ड मन्सन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांच्या मंडळाने चार वर्षे खपून सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासले, आणि १९१२ साली त्यांनी सैनिकाचा पाय आणि त्याचा बूट यांवर पुस्तक लिहिले. सैनिकाला बूट देताना त्याच्या पाठीवर सुमारे ४० पौंड, म्हणजे १८ किलो ओझे ठेवावे, त्याला एका पायावर भार देऊन उभे करावे आणि मगच बूट बसतो का ते पाहावे, असा नियम त्या सैन्यात झाला. कारण सैनिक रिकाम्या पाठीने चालत नाही. शंभरावर वर्षे झाली, पण या नियमात बदल करावा असे काही नाही. तुम्ही दुकानात जाताना पाठीवरच्या पिशवीत दहा किलो ज्वारी भरून न्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

शिबिरात जे मोजे घालणार तेच घालून जा. आधी नाडी न बांधता पाय पुढे सरकवा. बोटे टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट जाईल एवढी जागा हवी. मग टाच मागे ठोकून बसवा आणि नाडी बांधा. आता उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आत पायाची सगळी बोटे हलली पाहिजेत. चवड्याच्या दोन्ही बाजूंना दाब नको. मग चाला. बूट जिथे वाकतो तिथेच तुमचा पाय वाकला पाहिजे. नव्या बुटात टाच किंचित उचलली गेली तर चालते, पण फटक्-फटक् वाजता कामा नये. शेवटी दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहा. उतरताना बोटे पुढे आपटली तर तो बूट परत करा, कारण डोंगर उतरताना त्याच बोटांची नखे काळी पडतात. आत हात घालून शिवण चाचपा. जी गाठ तुमच्या बोटाला लागते ती दहा किलोमीटरनंतर पायाला लागल्यावाचून राहणार नाही.

पालकहो, इथे दोन शब्द तुमच्यासाठी. मुलाला वाढत्या अंगाचे कपडे घेणे ही आपली रीत आहे. सदरा मोठा असला तर बाह्या दुमडता येतात. बूट दुमडता येत नाही. दोन नंबर मोठा बूट लहान बुटाइतकाच घातक असतो, कारण पाय आत सरकतो, आणि सरकण्यातूनच फोड येतो. तसेच थोरल्या भावाचे किंवा चाचांचे जुने बूट 'अजून चांगले आहेत' म्हणून देऊ नका. वापरलेला बूट पहिल्या माणसाच्या पायाचा आकार घेऊन बसलेला असतो. त्याचा तळ त्याच्या चालीने झिजलेला असतो. सदरा, वह्या, पुस्तके जुनी चालतील. बूट मात्र त्याचा स्वतःचा हवा. ईदच्या खरेदीतून एक जोड कमी करा, पण हा खर्च शिक्षणाच्या खर्चात धरा. शाळेची फी भरताना आपण कुरकुर करीत नाही. हीदेखील फीच आहे.

मुलींच्या आईबापांनी हेच दुप्पट लक्षात ठेवावे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळाला, आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. पोलीस दलात तर मुली कधीपासूनच आहेत. पण बाजारातले बरेच बूट मुलग्यांच्या पायावर घडवलेले असतात. मुलीची टाच सहसा निमुळती असते, म्हणून चवड्याला बसलेला बूट टाचेला सैल राहतो. तिला मुलग्याचा लहान नंबर देऊन भागवू नका. तिचा पाय मोजा आणि तिच्या टाचेला धरणारा बूट शोधा. एका दुकानात मिळाला नाही तर दुसऱ्या दुकानात चला. लग्नाच्या चपलांसाठी आपण चार दुकाने फिरतोच की!

तिसरी गोष्ट म्हणजे बूट पायाला सरावून घेणे. जायच्या आदल्या आठवड्यात बूट घेऊ नका, निदान सहा आठवडे आधी घ्या. पहिल्या आठवड्यात रोज अर्धा ते एक तास घरातच वापरा. कुठे चावतो ते घरीच कळले तर बदलूनही मिळतो. दुसऱ्या आठवड्यात एक-दोन किलोमीटर चाला. तिसऱ्या आठवड्यात चार-पाच किलोमीटर. ढोकीच्या रस्त्याने सकाळी निघा आणि परत या. चौथ्या आठवड्यात डांबरी रस्ता सोडून शेताच्या बांधाने, तेरणेच्या काठाने चाला, कारण खाचखळग्यांत पाय वेगळा वळतो. पाचव्या आठवड्यात पाठीवर ओझे घ्या, आधी पाच किलो, मग दहा. सहाव्या आठवड्यात ओझ्यासह आठ-दहा किलोमीटर चाला. एक दिवस बूट, एक दिवस विश्रांती, असे ठेवा, म्हणजे पायाची कातडीही सरावते. धावण्याचा सराव मात्र धावण्याच्या बुटातच करा. नव्या जड बुटात डांबरावर धावून नळीची हाडे दुखावून घेतलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत.

चालताना पायाच्या एखाद्या जागी चटका लागल्यासारखे वाटले तर तिथेच थांबा. तो फोडाचा निरोप असतो. बूट काढा, मोजा सरळ करा, खडा असेल तर झटका, आणि त्या जागी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. पाच मिनिटे थांबणाऱ्याचे पाच दिवस वाचतात. नाडीही नीट बांधायला शिका. चवड्यावर थोडी सैल, घोट्यापाशी घट्ट, म्हणजे टाच मागे बसून राहते.

जुन्या लोकांकडून तुम्ही ऐकाल की, नवा बूट पाण्यात भिजवून पायातच वाळवावा. मन्सनसाहेबांच्या काळी तसे करीत. पाच मिनिटे पाण्यात उभे राहायचे आणि तासभर सपाट जागेवर चालून बूट पायावर वाळवायचा. तो बूट पूर्ण कातड्याचा, शिवलेला होता. आजच्या बुटाचा तळ रबराचा असतो, काही भाग चिकटवलेला असतो, म्हणून हा प्रयोग करू नका. चालण्यानेच तो सरावेल. पावसात भिजला तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, कातडे तडकते. सुकतळा बाहेर काढा, आत जुने वर्तमानपत्र कोंबा, आणि सावलीत वाळवा. आपली काळी माती तळाला थापली जाते. ती ओली असतानाच काडीने काढा. वाळल्यावर पॉलिश करा. पॉलिश नुसते चमकण्यासाठी नसते, ते कातड्याला फाटू देत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे खुद्द पाय. ओली कातडी लवकर सोलवटते, म्हणून पाय कोरडा ठेवणे हे निम्मे काम. नुसते सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकरीचे किंवा मिश्र धाग्याचे मोजे बरे. आत एक पातळ आणि वर एक जाड मोजा घातला तर घर्षण दोन मोज्यांत होते, कातडीवर कमी होते. पण मग बूटही दोन मोज्यांच्या मापाने घ्यायला हवा. रफू केलेला मोजा बुटात नको, त्याची गाठ रुतते. निदान तीन जोड ठेवा आणि रोज धुतलेला घाला. नखे सरळ कापा, कोपरे खोल कापू नका, नाही तर नख मांसात रुतते.

आपल्या मुलांसाठी यात एक खास बाब आहे. नमाजी मुलगा दिवसातून पाच वेळा वुजू करतो. पाय धुणे, बोटांच्या फटींत बोट फिरवून खिलाल करणे, हे आपण लहानपणापासून शिकलो. पायांच्या स्वच्छतेची ही सवय फार मोलाची आहे. पण घाईत ओला पाय मोज्यात घातला तर त्याच फटींत चिखल्या होतात आणि टाच लवकर सोलवटते. म्हणून एक लहान सुती रुमाल खास पायांसाठी खिशात ठेवा, आणि फटी कोरड्या करूनच मोजा चढवा. मोज्यांवर मसह करण्याचे मसले आपल्या इमामसाहेबांना जाण्यापूर्वीच विचारून घ्या.

वुजूचा आणखी एक उपयोग सांगतो. ओला पाय कोरड्या शहाबादी फरशीवर ठेवा आणि ठसा पाहा. मधला भाग रिकामा दिसला तर कमान चांगली. संपूर्ण तळवा उमटला तर वैद्यकीय तपासणीत सपाट तळव्याचा प्रश्न निघू शकतो. घाबरू नका. चवड्यावर उभे राहिल्यावर कमान दिसते का, पाय दुखतो का, हे डॉक्टर पाहतात, आणि निर्णय त्यांचाच असतो. पण हे भरतीच्या दिवशी कळण्यापेक्षा वर्षभर आधी कळलेले बरे.

इतके करूनही फोड आलाच तर? लहान असेल तर फोडू नका, झाकून ठेवा. मोठा आणि दुखरा असेल तर शक्यतो वैद्यकीय मदतनिसाकडून स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढून घ्या. वरची कातडी ओढून काढू नका, तीच मलमपट्टीचे काम करते. आणि जागा लाल होऊन गरम लागली, लाल रेषा वर चढू लागली, पू दिसला किंवा ताप आला, तर त्याच क्षणी उस्तादाला सांगा आणि डॉक्टरकडे जा. सांगणारा मुलगा कच्चा नसतो. मी सांगितले नाही म्हणून मागे राहिलो.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुम्ही म्हणाल, सैन्यात तर बूट सरकारच देते, मग घरून नेलेल्या बुटाचा उपयोग काय? उपयोग दुहेरी आहे. सहा आठवडे बुटात चाललेला पाय तयार होऊन जातो. अनवाणी पायाला एकदम बूट सोसत नाही. आणि दुसरे असे की, फळीमागून "नंबर?" असा प्रश्न आला की तुमच्याकडे उत्तर असते. तुम्ही ताठ उभे राहून म्हणाल, "आठ, रुंद पाय आहे, उस्ताद." बूट पायात घालून पाहाल, चाचपाल, आणि बसला नाही तर तिथल्या तिथे बदलून मागाल. त्यात उद्धटपणा नाही. पहिल्या दिवशी बूट बदलून देणे फळीमागच्या माणसाला दोन मिनिटांचे काम आहे. सहाव्या दिवशी तेच काम डॉक्टरकडे जाते.

मित्रांनो, गरीब घरातल्या आपल्या मुलांना हिंमत कमी नसते. अनवाणी धावून पहिली येणारी मुले आपलीच आहेत. कमी पडते ती विचारायची सवय. 'माहीत नाही' म्हणायची लाज, 'बदलून द्या' म्हणायचा संकोच, 'दुखते' म्हणायची भीती, या तीन गोष्टींनी माझा पाय कापला. बुटाने नव्हे. शाळेत गणित न कळता मान हलवणारा मुलगा आणि न बसणारा बूट घालून कवायतीला उभा राहणारा मुलगा, हे दोघे सख्खे भाऊ आहेत. आपली संस्था शिक्षणसंस्था आहे, म्हणून मला हे सांगावेसे वाटले. आपले माप आपल्याला माहीत असावे आणि ते मोठ्याने सांगता यावे, एवढे जरी ही शाळा मुलांना शिकवू शकली, तरी ती कोणत्याही मैदानावर मागे राहणार नाहीत.

चिटणीससाहेबांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीच्या पायथ्याशी, सेंटिमीटरच्या रेघा मारून एक फळी बसवा. भिंतीला टाच टेकून मुलाने उभे राहायचे आणि लांबी वाचायची. आडवी एक पट्टी ठेवा, तिच्यावर रुंदी वाचता येईल. सुताराचे एका दुपारचे काम आहे, त्याची मजुरी मी देतो. दर वर्षी शाळा उघडली की वजन-उंचीबरोबर पायाचे मापही मुलाच्या वहीत लिहिले जावे.

आणि पालकहो, आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला जवळ बोलवा. कागद घ्या, पेन्सिल घ्या, खाली बसा आणि त्याच्या पायाची कड स्वतःच्या हाताने आखा. तो लाजेल, पाय मागे घेईल. आखाच. माझ्या अब्बांना ते करायचे राहून गेले, आणि त्याची रुखरुख त्यांना अखेरपर्यंत होती. तुम्हाला ती राहू नये.